रविवारचे नकाशे

"खामगावात पाहण्यासारखे काय आहे हो?" हा प्रश्न मला गेल्या वीस-बावीस वर्षांत कितीतरी पाहुण्यांनी विचारला असेल, आणि प्रत्येकाला मी एकच उत्तर देत आलो : "शेगाव." शेगाव हे खामगाव नव्हे, ते सतरा-अठरा किलोमीटरांवरचे निराळे गाव आहे, ही गोष्ट पाहुण्यांच्या लक्षात येत असे, पण तोवर आम्ही त्यांना गजानन महाराजांच्या दर्शनाच्या रांगेत उभे केलेले असे. दर्शन, प्रसाद, स्टेशनाजवळची कचोरी आणि परत. आमच्या घरातील प्रवास या खात्याचा सारा कारभार एवढ्यावर चालला होता. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवताना माझी वाणी चांगली चालते, असे विद्यार्थी म्हणतात. ज्याला मुळीच हिंडायचे नसते त्याचीच या विषयावर वाणी चालते, हे त्यांना अजून कळलेले नाही.

तर २०२२च्या जूनमध्ये आमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या भाड्याने हव्यात म्हणून एक तरुण दारात येऊन उभा राहिला. उभा राहिला म्हणजे अगदी सरळ उभा राहिला. मी "बसा" म्हणेपर्यंत बसला नाही आणि बसल्यावरही पाठ खुर्चीला लावली नाही. सातारा जिल्ह्यातला, मराठा लाइट इन्फन्ट्रीतला हवालदार. खामगावात एन. सी. सी.ची बटालियन आहे. तिथे मुलांना कवायत, नेमबाजी आणि नकाशावाचन शिकवायला त्याची नेमणूक झाली होती. मुदत दोन वर्षे. भाडे किती म्हणून त्याने विचारले नाही. आधी विचारले ते हे : "सर, फॅमिली आणली तर चालेल ना?"

मी म्हटले, "अहो, चालेल म्हणजे काय? फॅमिलीसाठीच तर खोल्या आहेत."

त्याचा चेहरा असा काही उजळला की मी दीड-दोनशे रुपये जास्त सांगायचे ठरवले होते ते विसरूनच गेलो. ही आठवण आमच्या सौभाग्यवतींनी पुढे वर्षभर मला करून दिली.

आठवड्याने फॅमिली आली. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, काळीसावळी, बोलक्या डोळ्यांची मुलगी. अपशिंगे या गावच्या शेजारचे तिचे माहेर. अपशिंग्याच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द गावाचाच भाग म्हणून लावतात. पहिल्या महायुद्धात गेलेल्यांचा स्मारकशिलालेख तिथे आहे आणि घरटी एक तरी माणूस फौजेत असतो. म्हणजे नवरा लांब असणे ही गोष्ट तिला शिकवावी लागलेली नव्हती. तिने आल्या आल्या हिला वाकून नमस्कार केला आणि "काकू" म्हणाली. आमची ही तेव्हा बेचाळिशीची होती. "काकू नको गं, वहिनी म्हण," असे तिने तिथल्या तिथे सुधारून घेतले. हवालदार मात्र शेवटपर्यंत तिला "मॅडम" म्हणत राहिला. त्याला कोणी सुधारू शकले नाही.

पहिल्याच रविवारी सकाळी सात वाजता दोघे नटूनथटून बाहेर पडताना दिसली. मी अंगणात वर्तमानपत्र वाचत होतो. म्हटले, "काय, शेगाव?"

"नाही सर. जलंब."

आता जलंबला कोणी जात नाही. जलंबला गाडी बदलतात. मुंबई-नागपूरच्या हमरस्त्यावरचे ते जंक्शन. तिथून खामगावला एक तेरा किलोमीटरांचा फाटा येतो आणि खामगावला संपतो. पुढे जात नाही. कापसासाठी तो घातला, १८७०मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला आला होता. त्या काळी खामगावची कापसाची बाजारपेठ देशात नाव राखून होती. आज लॉर्ड मेयो नाही आणि कापसाचीही ती ऐट नाही. पण इवलीशी गाडी आपली जलंबला जाते आणि परत येते. तर ही दोघे त्या गाडीत बसून जलंबला गेली, फलाटावर चहा प्यायली, मोठ्या गाड्या जाताना पाहिल्या आणि त्याच गाडीने परत आली. दुपारी मी विचारले, "काय पाहिलंत?" तर ती म्हणाली, "काही न्हाई. आमी दोघं एका बाकावर बसून आगगाडीतनं गेलो. आजवर ह्यांना गाडीत बसवायलाच गेलेय मी."

हिने माझ्याकडे पाहिले. मी वर्तमानपत्राचे पान उलटले.

त्या संध्याकाळी हवालदाराने मला आपली वही दाखवली. जाड पुठ्ठ्याची, दोनशे पानी. डाव्या पानावर त्याने जलंबच्या वाटेचा नकाशा काढला होता. गंमत म्हणून काढतात तसा नव्हे : वर उत्तरेचा बाण, खाली प्रमाण, रुळांच्या खुणा, पूल, शेते, विहिरी, एकेक बाभूळ. फौजेत नकाशा वाचायला शिकवतात तसा काढायलाही शिकवतात. पावले मोजून अंतर धरायचे, होकायंत्राने दिशा धरायची आणि नजरेने उंचसखल टिपायचे. इतरांच्या दृष्टीने ते ड्यूटीचे काम. याला त्याचा छंद जडला होता. उजव्या पानावर तिचे अक्षर होते. तिने जमाखर्च मांडला होता : तिकिटे, चहा दोन, बिस्किटपुडा एक, आणि खाली 'पाऊस आला न्हाई' अशी नोंद. पानाच्या अगदी कोपऱ्यात एक आकडा होता. त्या दिवशी तो ८ होता. मी तो पान क्रमांक समजलो.

पुढे दर रविवारी वहीची दोन पाने भरू लागली. बटालियनची शिबिरे असली की खंड पडे, एरवी नाही. कधी पायी, कधी एस. टी.ने, बहुधा त्याच्या मोटरसायकलवर. सोबत भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. आमच्या वऱ्हाडी ठेच्याची ओळख झाल्यावर ठेचा. त्यांनी खामगावच्या सराफ्यातील चांदीची दुकाने नुसती पाहून घेतली आणि तिने पायातली जोडवी तेवढी घेतली. कोजागिरीला खामगावची मोठी देवी बसली. इतर महाराष्ट्रात नवरात्र संपून लोक आकाशकंदिलांच्या तयारीला लागतात तेव्हा आमच्याकडे जगदंबेचा उत्सव सुरू होतो, हे पाहून ती चकितच झाली. "म्हंजे तुमच्याकडं देवीची दोन-दोन नवरात्रं!" या गोष्टीत चकित होण्यासारखे काही आहे हे मला तिच्याकडून समजले.

बोथ्याच्या जंगलात ती तीनदा तरी गेली असतील. खामगावहून बुलढाण्याला जाताना सातपुड्याकडची सपाटी संपून अजिंठ्याच्या डोंगरांत रस्ता शिरतो, तिथे ज्ञानगंगा अभयारण्य आहे. मी त्या रस्त्याने शंभरदा गेलो असेन, विद्यापीठाच्या कामांना, लग्नांना, मयतांना. आणि शंभरही वेळा झोपेत. एकदा अंगणात बसून मी त्यांना त्या जंगलातल्या वाघाची हकीकत सांगितली. यवतमाळकडच्या टिपेश्वरच्या जंगलातून तो २०१९मध्ये निघाला. गळ्यात त्याच्या वनखात्याचा रेडिओचा पट्टा होता, त्यामुळे त्याचे पाऊल न् पाऊल कळत होते. शेते, नाले, हमरस्ते ओलांडत, महाराष्ट्र आणि तेलंगणाच्या हद्दी पालथ्या घालत तो तेराशे किलोमीटर चालला आणि डिसेंबरात आमच्या ज्ञानगंगेत येऊन थांबला. हवालदाराला त्यातील कूचाचा भाग आवडला. दिवसाला किती पडले, रात्री किती, पाणी कुठे घेतले असेल, असे त्याने विचारले. तिने एवढेच विचारले, "मग हितं त्याला वाघीण गावली का?"

"नाही. या जंगलात वाघीण नव्हती."

"एवढं चालून?" ती म्हणाली. आणि मग बराच वेळ काही बोलली नाही.

लोणारला जायचे ठरले ते २०२२च्या डिसेंबरात, आणि या खेपेस आम्हीही जायचे असे हिने परस्पर जाहीर केले. आमच्याकडे एक जुनी मोटार आहे. ती आम्ही लग्नकार्याला आणि दवाखान्यात जायला वापरतो. नुसते फिरायला तिला कधी बाहेर काढलेली नव्हती. मी तेलपाणी, टायर, माझी कंबर अशा एकामागून एक हरकती घेतल्या. हवालदाराने शनिवारी संध्याकाळी मोटारीचे टोपण उघडून दोन तास तिची तपासणी केली आणि "सर, गाडी ओके आहे," असे सांगितले. माझ्या कमरेबद्दल तो काही बोलला नाही.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. अठरा वर्षे मी वर्गात 'लीळाचरित्र' शिकवत होतो. मराठीतला हा आद्य गद्यग्रंथ, म्हाइंभटांनी तेराव्या शतकात गावोगाव हिंडून, ज्यांनी ज्यांनी श्रीचक्रधरांना पाहिले त्यांना विचारून विचारून सिद्ध केला. 'हिंडून' या शब्दावर मी वर्गात नेहमी जोर देतो. त्यात लोणार आहे, मेहकर आहे. यादवांचा राजा कान्हरदेव आणि श्रीचक्रधर यांची भेट लोणारला झाली त्याची लीळा आहे. ती लीळा मी अठरा वेळा शिकवली. माझ्या घरापासून लोणार शंभर किलोमीटरांच्या आत आहे. मी ते पाहिलेले नव्हते.

मेहकरला आम्ही थांबलो. पैनगंगेकाठच्या बालाजीचे दर्शन घेतले. १८८८मध्ये जमिनीतून निघालेली ही शार्ङ्गधराची काळ्या पाषाणाची मूर्ती एवढी उंच आणि एवढी घडीव आहे, की आमच्या हिला तिथून हलवणे कठीण झाले. पुढे नुकत्याच खुल्या झालेल्या समृद्धी महामार्गाखालून गेलो. वरून गाड्या नागपूरहून शिर्डीकडे गोळीसारख्या सुटत होत्या. दहा वाजता लोणारच्या काठावर उभे राहिलो.

वर्णन करणे माझा धंदा आहे, तरी मी तो इथे करणार नाही. पायांखालची जमीन एकाएकी संपते. खाली खोल, गोल, झाडीने भरलेली एक प्रचंड परात आणि तिच्या तळाशी हिरवट पाणी. आकाशातून पडलेल्या उल्केने काळ्या बेसाल्टच्या खडकात पाडलेला हा खड्डा. १८२३मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. पुढे कोणी त्याला ज्वालामुखीचे मुख म्हटले, आणि आघाताच्या खुणा खडकांत सापडल्यावर १९७०नंतर ते उल्काविवर असल्याचे पक्के झाले. वयाविषयी शास्त्रज्ञांत मोठी तफावत आहे : एक पद्धत बावन्न हजार वर्षे सांगते, दुसरी पाच लाख सत्तर हजार. आमच्या पुराणांनी हा प्रश्न केव्हाच सोडवलेला आहे. लवणासुर इथे दडला होता, त्याला विष्णूने मारले, म्हणून गावात दैत्यसूदनाचे ते देखणे देऊळ आहे.

हवालदाराने हात लांब केला, अंगठा उभा धरला, एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला, आणि म्हणाला, "समोरचा काठ... अठराशे मीटर."

मी पुस्तकात वाचून आलो होतो. व्यास १·८ किलोमीटर. मी त्याच्याकडे पाहतच राहिलो.

"अंगठ्यानं कसं कळतं हो?" हिने विचारले.

"सवय, मॅडम. समोरचा काठ किती लांब आहे हे कळावंच लागतं तिकडं." 'तिकडे' म्हणजे कुठे ते त्याने सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

आम्ही गोमुखाच्या धारेपाशी हात धुतले आणि खाली उतरलो. माझी कंबर खाली जाताना चांगली वागली. तळाशी कमळजादेवीचे देऊळ, मोडकी शिखरे, मोर, आणि किनाऱ्यावर खाऱ्या सोड्याचा पांढरा थर. पाण्याला वास. समुद्रापासून एवढ्या दूर, डोंगराच्या पोटात खारे पाणी! २०२०च्या जूनमध्ये हेच पाणी एकाएकी गुलाबी झाले होते आणि साऱ्या देशाच्या वर्तमानपत्रांत त्याची छायाचित्रे आली होती. खारटपणा वाढला की रंगीत होणारे सूक्ष्मजीव त्यात माजले होते, असे तपासात निघाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात 'रामसर' स्थळांच्या जागतिक यादीत या सरोवराचे नाव लागले. हे सगळे मी तिला सांगत होतो, पण तिचे लक्ष नव्हते. ती एक काळा, जड दगड हातात घेऊन उभी होती. तिला तो न्यायचा होता. हवालदार म्हणाला, "अभयारण्य आहे. ठेव." तिने तो जिथून उचलला होता तिथेच, त्याच कुशीवर, नीट बसवून ठेवला. मला वाटले होते की ती रुसेल. उलट म्हणाली, "बरं झालं. परत आलो की गावंल."

वर येताना माझ्या कमरेने आपले खरे रूप दाखवले. ते सोडून देऊ.

वर काठावर एका टपरीवर चहा घेतला. टपरीवाला म्हातारा होता. "कुठून आले म्हणा?" अशी सुरुवात होऊन हवालदाराचे फौजेतले असणे बाहेर आले, तसे म्हाताऱ्याने पैसे घ्यायला नकार दिला. "आमच्या तालुक्यातलाही एक पोरगा गेला ना," तो म्हणाला. "चोरपांग्राचा. पुलवाम्याले." १४ फेब्रुवारी २०१९ला केंद्रीय राखीव पोलीस दलाचे जे चाळीस जवान त्या हल्ल्यात गेले, त्यांत आमच्या बुलढाणा जिल्ह्यातले दोन होते. एक मलकापूरचा आणि एक लोणार तालुक्यातल्या चोरपांग्राचा. "सारं गाव लोटलं होतं, बाप्पा. पाय ठेवाले जागा नाही." म्हातारा सांगत राहिला. तिने आपला पेला खाली ठेवला. चहा अर्धा होता. उठताना तिने पन्नासाची नोट बरणीखाली सरकवली ती फक्त मी पाहिली. परतीच्या वाटेवर मेहकरपर्यंत ती बोलली नाही, आणि मेहकर सुटल्यावर गाणी म्हणू लागली, एकामागून एक, खामगाव येईपर्यंत.

लोणारचा नकाशा त्याने दोन रविवार काढला. तो गोल इतका नेमका साधला होता की मी माझ्या वर्गात तो नेऊन दाखवला, आणि त्या वर्षी कान्हरदेवाची लीळा शिकवताना मला प्रथमच वाटले, की आपण ज्या गावाविषयी बोलतो आहोत त्या गावाला काठ आहे, उतार आहे, वास आहे.

पानाच्या कोपऱ्यातल्या आकड्याचे कोडे सुटले ते २०२३च्या गणपतीत. त्या दिवशी तिने पुरणपोळ्या करून आणल्या. गणपतीचे मोदक सोडून पुरणपोळी का, म्हणून हिने विचारले. ती लाजली. मग म्हणाली, "आज बरोबरी झाली, वहिनी."

लग्न २०१६चे. वर्षाला साठ दिवसांची मोठी रजा, वर थोडी किरकोळ. तीही सलग मिळेल असे नाही. करोनाच्या वर्षी तर रजाच रद्द. सहा वर्षांत त्यांचे एकत्र गेलेले दिवस तिने मोजून ठेवले होते. चारशे बारा. खामगावला आल्यापासून तिने नवा हिशेब सुरू केला होता, शिबिरांचे दिवस वजा जाता. वहीच्या कोपऱ्यातला आकडा तो होता, आणि त्या दिवशी तो चारशे बारावर आला होता. सहा वर्षांत जेवढा नवरा मिळाला तेवढा सव्वा वर्षात मिळाला. "आता हितनं फुडं सगळा नफा," ती म्हणाली, आणि तुपाची वाटी माझ्याकडे सरकवली.

त्या रात्री जेवणे झाल्यावर हिने मला विचारले, "आपले किती होतील हो?"

मी मराठीचा असलो तरी गुणाकार येतो. लग्नाला एकवीस वर्षे पुरी झाली होती. कागदावर हिशेब करून, लीप वर्षे धरून सांगितले, "सात हजार सहाशे सत्तर."

ती भांडी पुसत होती. पाठमोरीच म्हणाली, "सगळेच धरायचे का?"

या प्रश्नाचे उत्तर मी अजून दिलेले नाही.

२०२४च्या जानेवारीत आम्ही चौघे सिंदखेडराजाला गेलो. जिजाऊंचा जन्म तिथे लखुजी जाधवांच्या वाड्यात १२ जानेवारी १५९८ला झाला. त्या तारखेला तिथे मुंगीला शिरायला जागा नसते, म्हणून आम्ही महिन्याच्या शेवटच्या रविवारी गेलो. वाडा पाहिला, मोती तलावाचा तो दगडी बांध पाहिला. हवालदार बांधावर पावले मोजत इकडून तिकडे गेला. मग लखुजींची भव्य समाधी. दौलताबादेला १६२९मध्ये निजामशहाच्या दरबारात लखुजी आणि त्यांचे मुलगे दगा करून मारले गेले. म्हणजे लेकीच्या पोटी शिवराय जन्माला येण्याच्या आदल्या वर्षी. जवळच्या एका झाडाखाली डबे सोडले तेव्हा मी ही सगळी हकीकत, जशी वर्गात सांगतो तशी, जरा हातवारे करून सांगितली.

ती भाकरी मोडत होती. म्हणाली, "सर, म्हंजे जिजाऊसाहेब पण फौजी बाईच की."

मी थांबलो. इतक्या वर्षांत मला हे सुचले नव्हते. माहेर नवऱ्याच्या विरुद्ध बाजूला, बाप आणि भाऊ एका दिवसात गेलेले, नवरा मोहिमेवर आणि ही दिवस गेलेली शिवनेरीवर. पुढे शहाजीराजे बंगळुरास आणि ही पुण्याच्या जहागिरीत मुलाला वाढवते आहे. थोरला मुलगा बापाजवळ, धाकटा आपल्याजवळ. राज्याभिषेक डोळ्यांनी पाहिला आणि बारा दिवसांच्या आत, १७ जून १६७४ला, पाचाडला गेली.

"मग त्या दोघांचे दिवस किती झाले असतील एकत्र?" तिने विचारले.

"बखरकारांनी लढाया मोजल्या," मी म्हटले. "हे मोजलेले नाही."

"बाईनं बखर लिवली असती तर मोजलं असतं," ती म्हणाली. आमच्या हिने यावर अशी मान हलवली, की मराठी वाङ्मयाच्या इतिहासावरचा माझा सगळा अभ्यास एका मानेत निकालात निघाला.

हवालदार तोवर परत आला होता. "काय चाललंय?" म्हणाला. कोणी सांगितले नाही.

बदलीचा हुकूम मार्चमध्येच आला. जूनच्या पहिल्या आठवड्यात निघायचे. पुन्हा पलटणीत, पुन्हा 'फील्ड'. म्हणजे फॅमिली नाही. तो कागद हातात घेऊन तो माझ्याकडे आला तो पहिल्या दिवशीसारखाच सरळ उभा होता. "सर, दोन महिन्यांचं भाडं आगाऊ देतो, ती मागं थोडी राहील." ती राहिली नाही. तिला चौथा महिना लागला होता आणि सासूबाई न्यायला आल्या होत्या. मे महिन्याच्या त्या आमच्या पंचेचाळीस अंशांच्या वणव्यातही दोघे प्रत्येक रविवारी बाहेर पडत होती, पहाटे पाचला, उन्हाच्या आत परत. मी एकदा चिडून म्हटले, "अहो, या दिवसांत तरी घरी बसा." तेव्हा हिने मला आत बोलावले आणि दार लोटून घेतले आणि काय सांगितले ते मी इथे लिहीत नाही.

शेवटच्या रविवारी ती जलंबला गेली. त्याच गाडीने.

ट्रंका बांधून झाल्यावर हवालदाराने वहीतले एक पान व्यवस्थित कापून माझ्या हातात दिले. नकाशा होता, आमच्या घराचा. वर उत्तरेचा बाण, खाली प्रमाण. आड, पारिजात, धुण्याचा दगड, मोटारीची जागा, त्याच्या मोटरसायकलची जागा. अंगणात एक छोटा चौकोन आणि त्यावर 'सरांची खुर्ची'. स्वयंपाकघराच्या खिडकीशी 'मॅडम'. त्यांच्या दारापासून आमच्या दारापर्यंत तुटक रेषा आणि तिच्यावर '१४ पावले'. उजवे पान त्यांनी दिले नाही. ते वहीत राहिले. शेवटचा आकडा काय होता ते मी विचारले नाही. हिने विचारला असावा.

ती गेल्यावर तीन आठवडेही झाले नसतील, तोच सकाळी सकाळी फोन वाजला. साताऱ्याहून ती. आवाज नुसता फुटत होता. "सर, पेपर वाचला का? आपण जेवलो त्या समाधीपाशी देव निघाला!" खरेच होते. सिंदखेडराजाला लखुजींच्या छत्रीपाशी पुरातत्त्व खात्याचे खोदकाम चालू होते, त्यात जमिनीखाली शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती सापडली होती. "आपण वर भाकरी खात होतो आणि देव खाली झोपला होता, सर! ह्यांना सांगायचं तर फोन लागत न्हाई. तुमी लक्षात ठेवा, हे आले की मी सांगायच्या आधी कोणी सांगायचं न्हाई." मी कबूल केले.

त्या वर्षी दिवाळीनंतर तिला मुलगी झाली. फोन लागतो, लागत नाही. ती आता पुन्हा वही लिहिते. डावी पाने कोरी सोडते.

नकाशा मी चौकटीत घालून पुढच्या खोलीत लावला. लावताना ही म्हणाली, "यात चूक आहे. पारिजात आडाच्या पूर्वेला दाखवलाय. आपला पारिजात दक्षिणेला आहे." मलाही तसेच वाटत होते. सूर्य आमच्याकडे शेजाऱ्यांच्या गच्चीमागून उगवतो, ती पूर्व, हे आम्ही घर बांधल्यापासून धरून चाललो आहोत. देवही त्या हिशेबाने मांडले आहेत. हवालदारासारखा माणूस चुकला याचे मला थोडे बरेही वाटले, हे कबूल करायला हवे. शेवटी भूगोलाच्या सहकाऱ्याकडून होकायंत्र मागून आणले, आणि एका रविवारी सकाळी आम्ही दोघे ते घेऊन अंगणात उभे राहिलो. ही म्हणाली, "हलवू नका, काटा स्थिर होऊ द्या." काटा स्थिर झाला. पारिजात पूर्वेला होता.

शेजाऱ्यांची गच्ची उत्तरेकडे निघाली. बावीस वर्षे सूर्य तिच्यामागून उगवताना आम्ही पाहत होतो, की तो तसा उगवतो असे कोणीतरी पहिल्या दिवशी सांगितले आणि आम्ही पुन्हा पाहिलेच नाही, यावर आमचा त्या सकाळी बराच वाद झाला. चहा गार झाला. मग ही म्हणाली, उद्या पहाटे उठून पाहू या.